टायमिंग बेल्ट बदलताना: काम नेमकं काय असतं, पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

गाडी मस्त चालतेय, कसला आवाज नाही, डॅशबोर्डवर एकही लाइट पेटलेला नाही, आणि मेकॅनिक म्हणतो टायमिंग बेल्ट बदलायला झालाय, आणि वर जो आकडा सांगतो तो ऐकून कुणालाही वाटणारच की एका रबरी पट्ट्याला एवढे पैसे? मलाही पहिल्यांदा तेच वाटलेलं. मग मी काय केलं, तर चार ठिकाणी विचारून सगळ्यात कमी आकडा सांगणाऱ्याकडे गाडी दिली. त्याने फक्त बेल्ट बदलला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) जुनाच ठेवला, आणि सव्वा वर्षात त्या जुन्या टेन्शनरचं बेअरिंग गेलं, नवाकोरा बेल्ट दात सरकला आणि गाडी रस्त्यात बंद. वेग कमी होता म्हणून व्हॉल्व्ह वाचले, पण तीच मजुरी मला पुन्हा पूर्ण भरावी लागली, शिवाय टोइंगचे वेगळे. त्यानंतर मी हे काम नीट समजून घेतलं, जाणकार माणसाच्या हाताखाली उभा राहून शिकलो आणि नंतर दोनदा स्वतःच्या हाताने केलं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते पहिल्यांदाच या कामाला सामोरं जाणाऱ्यासाठी आहे, मग तुम्ही स्वतः करणार असाल किंवा गॅरेजमध्ये देणार असाल.

हा बेल्ट करतो काय

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, त्याला पिस्टन जोडलेले, आणि वर कॅमशाफ्ट असतो जो व्हॉल्व्ह उघडतो. या दोघांची सांगड घालायचं काम या दातेरी बेल्टचं. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, म्हणून कॅमच्या पुलीला क्रँकच्या पुलीपेक्षा दुप्पट दात असतात. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला १५०० फेरे मारतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. आणि बऱ्याच इंजिनांत, डिझेलमध्ये तर जवळपास सगळ्याच, व्हॉल्व्ह उघडल्यावर ज्या जागेत खाली येतो त्याच जागेत थोड्या वेळाने पिस्टन वर येतो. दोघं कधी एकत्र येत नाहीत कारण बेल्ट त्यांची वेळ सांभाळतो. बेल्ट तुटला की कॅम जागीच थांबतो, क्रँक मात्र वेगात असतो तो फिरतच राहतो, पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो, कधी हेडच (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) जातं. याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. काही इंजिनांत मध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, तिथे बेल्ट तुटला तर गाडी नुसती बंद पडते, नवा बेल्ट टाकला की चालू. आपलं इंजिन कोणत्या प्रकारचं हे पैशांचा विचार करण्याआधी माहीत करून घ्या, कारण थांबायचं की लगेच काम काढायचं हे त्यावरच ठरतं.

मोठ्या प्रमाणात बनवलेल्या गाडीत रबरी दातेरी बेल्ट पहिल्यांदा आला १९६२ मध्ये, ग्लास या जर्मन कंपनीच्या १००४ मॉडेलमध्ये. त्याआधी चेन आणि गिअर. बेल्ट हलका, आवाज कमी, तेल लागत नाही, बनवायला स्वस्त, म्हणून तो पसरला. फक्त त्याला वय असतं.

आधी बघा, बेल्ट आहे की चेन

यात भरपूर लोक गोंधळतात. एकाच मॉडेलच्या पेट्रोलमध्ये चेन आणि डिझेलमध्ये बेल्ट असू शकतो, किंवा वर्ष बदललं की इंजिन बदललेलं असतं. मॅन्युअलच्या मागच्या बाजूला मेंटेनन्सचं वेळापत्रक असतं, त्यात टायमिंग बेल्टची ओळ शोधा. ओळच नसेल तर बहुतेक चेन आहे, पण मॅन्युअलवर थांबू नका, इंजिन नंबर देऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. अंदाजाने ओळखायचं तर इंजिनाच्या एका टोकाला स्क्रूने किंवा क्लिपने बसवलेलं प्लास्टिकचं कव्हर दिसलं तर आत बेल्ट, आणि बोल्टने घट्ट बसवलेलं, कडेला सीलंट लावलेलं धातूचं कव्हर दिसलं तर आत चेन. आणि बाहेरून जो बेल्ट दिसतो, अल्टरनेटर आणि एसी फिरवणारा, तो हा नव्हे. तो वेगळा आणि स्वस्त. 'मागच्या महिन्यात बेल्ट बदलला' असं कुणी सांगितलं तर कोणता बदलला ते आधी विचारा.

अजून एक तिसरा प्रकार आहे, तेलात बुडून चालणारा बेल्ट. फोर्डचं १.० इकोबूस्ट (सुरुवातीची इंजिनं) आणि प्यूजो-सिट्रोएनचं १.२ प्युअरटेक ही माहितीतली उदाहरणं. यात मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्पेसिफिकेशनचंच ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं, नाहीतर बेल्टचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात, मग ऑइल प्रेशर कमी. अशा गाडीवाल्याने ऑइलमध्ये पैसे वाचवायला अजिबात जाऊ नये. पुढे जे करायचं सांगतोय ते साध्या कोरड्या बेल्टसाठी आहे.

कधी बदलायचा

इंजिनानुसार ६०,००० पासून १,६०,००० किलोमीटरपर्यंत काहीही आकडा असू शकतो, आणि सोबत वर्षंही दिलेली असतात, साधारण ५ ते १०. दोन्हीपैकी जे आधी येईल ते. लोक किलोमीटर बघतात आणि वर्षं विसरतात. गाडी कमी फिरलीय, ९ वर्षांत ४०,००० च झालेत म्हणून बेल्ट नवा नसतो, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतंच. आणि ट्रॅफिकमध्ये तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी, खूप धूळ, खूप उष्णता, यात मॅन्युअलचा 'कठीण परिस्थिती'चा छोटा आकडा धरा. मीटर पुढे सरकत नसला तरी बेल्ट फिरत असतो.

'कव्हर उघडून बघू, चिरा नसतील तर चालवू' हा सल्ला फार ऐकायला मिळतो. जुन्या रबराच्या बेल्टला चिरा पडायच्या, दिसायचं. हल्लीचं रबर वेगळं आहे, ते शेवटपर्यंत काळंकुळकुळीत दिसतं आणि आत काचेच्या धाग्यांची जी दोरी असते ती थकलेली असते, ती काही दिसत नाही. म्हणजे चिरा दिसल्या तर बदलायचाच, पण दिसल्या नाहीत म्हणून बेल्ट चांगला आहे असं होत नाही.

मात्र या गोष्टी दिसल्या तर तारखेची वाट न बघता काम काढा: बेल्टवर ऑइल किंवा कूलंट आलंय, कडेचे धागे सुटलेत, दात उडालाय, कव्हरच्या आतून घुंईं असा किंवा खरखर आवाज येतोय, किंवा त्या बाजूने खाली कूलंट ठिबकतंय.

काय काय बदलायचं

या कामात खर्च मालाचा कमी आणि तिथपर्यंत पोचण्याचा जास्त असतो, एवढं एक डोक्यात पक्कं ठेवा. चाक काढा, साइडचं प्लास्टिक काढा, इंजिनाला टेका द्या, माउंटिंग काढा, पुली काढा, कव्हरं काढा, आणि मग बेल्ट दिसतो. बेल्ट काढणं-घालणं त्यातला छोटासा भाग. त्यामुळे एकदा तिथे पोचलात की त्या जागेतलं जे जे पुढच्या बेल्टपर्यंत टिकणार नाही ते सगळं त्याच दिवशी बदलायचं.

म्हणून नुसता बेल्ट घेऊ नका, किट घ्या. किटमध्ये बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर पुली (बेल्टला नुसती वळण देणारी) येतात. बेल्टवरच वॉटर पंप फिरत असेल तर पंपासकट येणारं किट घ्या. पंप जुना ठेवला आणि तो वर्षभरात गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा, आणि कूलंट नव्या बेल्टवर पडलं तर बेल्टही पुन्हा. याशिवाय क्रँक आणि कॅमची पुढची ऑइल सील बघा, ओलसर असतील तर बदला, सील स्वस्त असतात. क्रँक पुलीचा बोल्ट आणि माउंटिंगचे काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ताणले जाणारे, ते मॅन्युअल म्हणेल तिथे नवेच टाका. बाहेरचा अल्टरनेटर बेल्ट तसाही काढावाच लागतो, तो जुना असेल तर लगे हात बदलून टाका. कूलंट नवं.

काम झाल्यावर जुने पार्ट मागून घ्या आणि टेन्शनरची पुली कानाजवळ धरून बोटाने फिरवून बघा. नवी पुली ग्रीसमुळे थोडी जड, गप्प फिरते आणि सोडली की लगेच थांबते. माझी जी गेलेली होती ती टिचकी मारली तर भिंगरीसारखी फिरत सुटायची आणि आतून वाळू रगडल्यासारखा आवाज, म्हणजे ग्रीस संपलेलं. वॉटर पंपाच्या अंगावरही एक बारीक भोक असतं, आतलं सील गळायला लागलं की पाणी तिथून बाहेर येतं, आणि त्या भोकाखाली वाळलेल्या कूलंटचा रंगीत पापुद्रा साचतो. पापुद्रा दिसला म्हणजे पंप गळायला लागलेलाच होता.

पैशांचं कसं बघायचं

कोटेशन लेखी घ्या आणि फोडून घ्या. 'टायमिंगचं पूर्ण काम एवढ्यात' या वाक्याला काही अर्थ नाही. किट कोणत्या ब्रँडचं, पार्ट नंबर काय, पंप धरलाय का, सील धरलीत का, कूलंट किती लिटर, मजुरी किती तासांची, कर धरून की वेगळा, आणि कामाची गॅरंटी किती महिने किंवा किती किलोमीटर. दोन-तीन ठिकाणचं असं कोटेशन समोर ठेवलं की लगेच दिसतं की जो स्वस्त वाटत होता त्याच्यात पंप आणि टेन्शनर धरलेलेच नव्हते. मी पहिल्या वेळी हे विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरपेक्षा बाहेरचं चांगलं गॅरेज बहुतेक वेळा स्वस्त पडतं आणि कामात काही कमी नसतं, अट एकच, त्या मेकॅनिकने तुमचंच इंजिन आधी केलेलं असायला हवं आणि त्याच्याकडे त्या इंजिनाचं लॉकिंग टूल, म्हणजे कॅम आणि क्रँक जागेवर धरून ठेवणाऱ्या पिना वगैरे, असायला हवं. सरळ विचारा, 'या इंजिनाचं टायमिंग तुम्ही कसं लॉक करता?' ज्याने केलंय तो पिन कुठे बसते, काय काढावं लागतं ते दोन वाक्यांत सांगतो. जो 'खुणा मारून करतो, काही होत नाही' म्हणतो आणि तुमच्या इंजिनाला टूल लागतं, त्याच्याकडे नका देऊ.

गाडीच्या कंपनीच्या डब्यातलाच माल घ्यायला हवा असं नाही. बेल्ट आणि टेन्शनर बनवणाऱ्या कंपन्या ठरलेल्या आहेत, गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, आयएनए, एसकेएफ, जपानी गाड्यांसाठी मित्सुबोशी, पंपासाठी आयसिन वगैरे, आणि यांचाच माल गाड्यांच्या कंपन्यांच्या डब्यातही येतो. यांच्या स्वतःच्या डब्यात तोच दर्जा कमी पैशांत मिळतो. इथे पैसे खुशाल वाचवा. नाव न ऐकलेल्या ब्रँडचं किट मात्र नको, आणि बाजारभावाच्या निम्म्यात 'ओरिजिनल' मिळत असेल तर तो डुप्लिकेट समजा. डब्याची छपाई, होलोग्राम, बेल्टच्या पाठीवरचा नंबर डब्याशी जुळतोय का, बेल्ट घट्ट मुडपलेला नाही ना, हे बघूनच घ्या. ओळखीच्या अधिकृत दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेलं बरं.

पार्ट स्वतः आणून गॅरेजला द्यायचे का? पैसे थोडे वाचतात, पण नंतर काही झालं तर गॅरेज म्हणणार माल तुमचा, दुकान म्हणणार फिटिंग चुकलं, आणि तुम्ही मध्ये. मी तरी गॅरेजलाच माल आणायला सांगतो आणि ब्रँड ठरवून देतो.

एकदम पैसे काढणं जड जात असेल तर हा खर्च अचानक येणारा नाही, तारीख आधीच माहीत असते, याचा फायदा घ्या. पुढचा बदल ३० महिन्यांवर असेल तर आजचं कोटेशन घ्या, ३० ने भागा आणि तेवढे दर महिन्याला बाजूला टाका, थोडे वाढवून टाका कारण भाव चढतात. आणि कूलंट बदलायची वेळ, बाहेरचा बेल्ट, गळणारं सील किंवा त्याच बाजूचं इंजिन माउंटिंग जवळ आलं असेल तर ते याच कामात ढकला, मजुरी एकदाच लागते. उलट या बिलात कुणी इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग असलं काही घुसवत असेल तर नम्रपणे नाही म्हणा, त्याचा या कामाशी संबंध नाही.

स्वतः करायचं ठरवलं तर

आधी खरं सांगतो, आयुष्यात पहिलं मोठं काम म्हणून हे घेऊ नका. ब्रेक पॅड, वॉटर पंप, अल्टरनेटर असलं दोन-चार केलेलं असेल, आणि पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असेल तर करा. तुमच्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल हवंच, कारण खुणा, टॉर्क, टेन्शनर लावायची पद्धत हे प्रत्येक इंजिनाचं वेगळं. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) हवा, लांब दांड्याचा पाना, गोट्यांचा म्हणजे सॉकेटचा सेट, दोन मजबूत घोड्या (उचललेली गाडी ठेवायचे स्टँड), जॅक, आणि लागत असेल तर लॉकिंग टूलचा सेट, हा भाड्यानेही मिळतो. सरावलेला मेकॅनिक बऱ्याच गाड्यांवर हे ३ ते ६ तासांत उरकतो, तुम्ही दोन अख्खे दिवस धरा आणि त्या दोन दिवसांत गाडी लागणार नाही अशी सोय करा. घाई झाली की चूक होते आणि इथे चूक महाग आहे.

इंजिन पूर्ण थंड असू द्या, निदान रात्रभर. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मागची चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना ठोकळे लावा, पुढची बाजू उचला आणि गाडी घोड्यांवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून आत हात घालू नका. इंजिन आडवं असेल तर बेल्टच्या बाजूचं चाक आणि आतलं प्लास्टिक काढा. कूलंट काढून घ्या. बाहेरचा बेल्ट काढण्याआधी तो कसा फिरलाय त्याचा फोटो काढा. खरं तर प्रत्येक पायरीला फोटो काढा आणि बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवून वर लिहून ठेवा, एकसारखे दिसणारे बोल्ट लांबीला वेगळे निघतात.

माउंटिंग काढायचं असेल तर आधी ऑइल पॅनखाली लाकडी फळी ठेवून जॅकने इंजिनाला नुसता टेका द्या, उचलू नका.

आता क्रँक पुलीचा बोल्ट. हा सगळ्यात हट्टी. तो सोडवायला स्टार्टर मारून बोल्ट उडवायची युक्ती काही जण सांगतात, ती करू नका, पाना उडतो आणि हात मोडतो. पुली धरायचं टूल वापरा, किंवा मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर टॉप गिअर टाकून कुणालातरी ब्रेक दाबून बसवा. आणि टायमिंगच्या लॉकिंग पिनांवर हा जोर कधीच देऊ नका, पिना जागा सांभाळायला असतात, जोर सहन करायला नाही, त्या वाकतात किंवा आतलं काहीतरी फोडतात.

मग टायमिंग खुणेवर आणा. क्रँक फक्त त्याच्या नेहमीच्या दिशेने, पान्याने, सावकाश फिरवा. स्पार्क प्लग काढलेत तर हलकं फिरतं. बऱ्याच इंजिनांत पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना खुणा जुळतात, काहींत वेगळी जागा असते, मॅन्युअल म्हणेल ते खरं. क्रँकची खूण जुळली पण कॅमची उलट बाजूला दिसतेय, तर घाबरू नका, क्रँक अजून एक फेरा फिरवा. जुळलं की लॉक करा. ज्या इंजिनांत टूल नाही, नुसत्या खुणा आहेत, तिथे मी अजून एक करतो, जुना बेल्ट जागेवर असतानाच व्हाइटनरने क्रँकच्या पुलीवर आणि बेल्टवर समोरासमोर रेघ मारतो, तसंच कॅमच्या पुलीवर, मग बेल्ट काढल्यावर दोन रेघांमधले दात मोजतो आणि तेवढेच दात मोजून नव्या बेल्टवर रेघा मारतो. दोनदा मोजायचं, मोठ्याने मोजायचं.

टेन्शनर सैल करा, बेल्ट काढा. इथून पुढे नवा बेल्ट बसेपर्यंत कॅम किंवा क्रँक एकट्याने फिरवायचा नाही. एखाद्या कॅमला स्प्रिंगमुळे स्वतःहून झटका बसून सरकायची सवय असते, म्हणून लॉक. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून रुंदी, दातांचा आकार आणि संख्या तपासा. नवा टेन्शनर, आयडलर, पंप बसवा, पंपाची बसायची जागा आधी नीट खरवडून कोरडी करा. सगळं टॉर्कवर आवळा, अंदाजाने नाही.

नवा बेल्ट मुडपायचा नाही, उलटा करायचा नाही, स्क्रूड्रायव्हरने ओढून चढवायचा नाही, त्यावर ग्रीस नाही, स्प्रे नाही, हात स्वच्छ. आतल्या काचेच्या दोऱ्या एकदा मोडल्या की बाहेरून काही दिसत नाही आणि महिन्यांनी तुटतो. बाण असेल तर फिरायच्या दिशेने. क्रँकपासून सुरुवात करायची, टेन्शनर नसलेल्या बाजूने वर जायचं, ती बाजू ताठ ठेवायची, जराही ढिली नको, आणि सगळ्यात शेवटी टेन्शनर. उरलेली ढील फक्त टेन्शनरच्या बाजूला जमली पाहिजे. काही टेन्शनरला काटा आणि खाच असते, काटा खाचेत आणून बोल्ट आवळायचा. हायड्रॉलिक असेल तर बेल्ट बसल्यावर त्याची पिन ओढायची.

आणि आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी. लॉकिंग टूल सगळी काढा, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा, मॅन्युअल जास्त म्हणत असेल तर तेवढे, आणि पुन्हा खुणेवर आणून बघा. फिरवताना कॉम्प्रेशनचा जोर लागतो, तो कसा असतो तर दाबला की हळूहळू वाट देतो. पण अचानक टक्‌ करून दगडासारखं अडलं, तर तिथेच थांबा. ते पिस्टन व्हॉल्व्हला लागलंय. जोर लावू नका, हाताने फिरवताना अडलं तर अजून काही बिघडलेलं नसतं, पुन्हा खुणा बघा. एक दात जरी चुकला असेल तरी पुन्हा काढून पुन्हा लावा. नवख्या माणसाला इथे अजून एक धसका बसतो, दोन फेऱ्यांनंतर पुलीच्या खुणा बरोबर जुळतात पण बेल्टवरच्या रेघा भलतीकडेच गेलेल्या असतात. ते तसंच असतं. बेल्टच्या दातांची संख्या आणि पुलीच्या दातांची संख्या वेगळी, रेघा पुन्हा जुळायला बरेच फेरे लागतात. रेघा फक्त बसवताना कामाच्या, नंतर पुलीच्या खुणा बघायच्या. पहिल्या वेळी मी याच कारणाने बरोबर बसलेला बेल्ट परत काढला होता.

खुणा जुळल्या, काटा खाचेत आहे, तरच कव्हर, पुली, माउंटिंग, सगळं परत. कूलंट भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. गाडी चालू करा आणि ऐका. घुंईं आवाज म्हणजे बेल्ट जास्त ताणलाय, फटफट म्हणजे ढिला. चेक इंजिनचा लाइट येऊन पी ००१६ सारखा क्रँक-कॅमचा कोड आला तर बंद करा आणि टायमिंग पुन्हा तपासा, 'चालवून बघू' नको.

बेल्ट आधीच तुटला असेल तर

चालत्या गाडीत इंजिन एकदम बंद झालं आणि नंतर स्टार्टर मारला की नेहमीपेक्षा हलका, सुळसुळ फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा चावी फिरवू नका. प्रत्येक फेऱ्याला नुकसान वाढू शकतं. गाडी टो करून न्या आणि लगेच हेड उतरवायला हो म्हणू नका. आधी तुमचं इंजिन कोणत्या प्रकारचं ते बघायचं, मग खुणा जुळवून सिलिंडरची लीक टेस्ट करायची किंवा प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा घालून बघायचं, त्यात व्हॉल्व्ह वाकलेत की नाही, किती सिलिंडरचे, हे बरंच कळतं. मग दोन आकडे घ्या, हेडचं काम आणि चांगलं जुनं इंजिन टाकणं, आणि दोन्ही गाडीच्या आजच्या किमतीच्या शेजारी ठेवा. जुनं इंजिन घेत असाल तर ते गाडीत बसवण्याआधी त्याचा बेल्ट, टेन्शनर, पंप, सील बदला. इंजिन बाहेर असताना ते अगदी हाताशी असतं आणि मजुरी जवळपास लागतच नाही.

सेकंडहँड गाडी घेताना विकणारा म्हणेल बेल्ट बदललेला आहे. बिल बघा, बिलावर गाडीचा नंबर, किलोमीटर, किटचा पार्ट नंबर हवा. बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा, आणि ते कोटेशन हातात ठेवूनच भाव करा.

काम झाल्यावर पहिल्या काही दिवसांत थंड इंजिनावर कूलंटची पातळी दोन-तीनदा बघा, हवा निघून ती थोडी खाली जाते, भरा. गाडी उभी होती तिथे खाली थेंब पडलेत का बघा. आणि बिल, नव्या किटच्या डब्याचं पार्ट नंबरवालं झाकण आणि पुलीच्या खुणांचे फोटो एका पाकिटात घालून गाडीच्या कागदांत ठेवा, आणि बॉनेटखाली, उष्णता कमी लागेल अशा जागी, तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावा. पुढचा बेल्ट बदलायची वेळ येईल तेव्हा तुम्हाला, नाहीतर ही गाडी ज्याच्याकडे असेल त्याला, तो लगेच सापडला पाहिजे.